सडपातळ रुग्ण आणि गोळ्यांना न जुमानणारी साखर: मधुमेहाचा प्रकार उशिरा कळल्याचे एक प्रकरण

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत सीएनसी यंत्रावर काम करणारा आणि सिडकोत राहणारा ३९ वर्षांचा एक विवाहित पुरुष नवरात्रातील पाचव्या दिवशी सकाळी दम लागल्याच्या तक्रारीने आमच्याकडे दाखल झाला. (ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत किंवा बदलले आहेत.) त्याने नऊ दिवसांचे उपवास धरले होते. दिवसातून एकदा थोडी भगर किंवा एखादे केळे, आणि बाकी चहा-पाणी एवढाच त्याचा आहार होता. अशा स्थितीत तो मित्रांबरोबर सप्तशृंगी गडाकडे पायी निघाला. दिंडोरी ओलांडल्यावर त्याला उलट्या सुरू झाल्या. वाटेतल्या एका दवाखान्यात बोटातून रक्त घेऊन साखर तपासली, ती १८४ निघाली. मधुमेहाच्या रुग्णाची साखर १८४ असेल तर कोणी फारसे घाबरत नाही, आणि कडक उपवासात पित्त होऊन उलट्या होणे हेही आपल्याकडे नेहमीचेच आहे. त्यामुळे पित्ताचे आणि उलटीचे इंजेक्शन देऊन त्याला परत पाठवण्यात आले. रात्रभर उलट्या थांबल्या नाहीत आणि पहाटे त्याला धाप लागली.

तपासताना त्याचा श्वास मिनिटाला ३२ वेळा चालत होता. तो उथळ नव्हता. लांब पल्ला धावून आलेल्या माणसासारखा खोल होता. छातीत मात्र कोणताही आवाज नव्हता, ऑक्सिजनचे प्रमाण ९८ टक्के होते आणि ईसीजी सामान्य होता. जीभ कोरडी पडली होती, नाडी १२० च्या घरात होती आणि तोंडाला गोडसर, नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा वास येत होता. "डॉक्टर, यांची शुगर तर आटोक्यात आहे, मग हा दम कशाचा?" असे त्याच्या पत्नीने विचारले. या रुग्णाचे निदान ज्या एका समजुतीपाशी अडले होते, ती समजूत या प्रश्नात नेमकी आली आहे. साखर आटोक्यात आहे म्हणजे मधुमेहाचा काही त्रास नाही, असे रुग्ण मानतो, नातेवाईक मानतात आणि पुष्कळदा आम्हीही मानतो.

धमनीतील रक्ताच्या तपासणीत पीएच ७.१४ आणि बायकार्बोनेट ८ आले. सोडियम १३४ आणि क्लोराइड १०१ होते. म्हणजे ॲनायन गॅप (रक्तात जादा आम्ल साचल्याची खूण) २५ झाला, जो साधारण १२ च्या आसपास असावा. रक्तातील कीटोन, म्हणजे चरबी वितळल्यावर तयार होणारे आम्ल पदार्थ, ५.८ मिलिमोल होते. ३ च्या वर ते धोक्याचे मानतात. लघवीत कीटोन भरपूर होते आणि साखरही भरपूर होती. प्रयोगशाळेत तपासलेली रक्तातील साखर मात्र केवळ १९६ होती. हा डायबेटिक कीटोॲसिडोसिस होता, म्हणजे इन्सुलिनच्या तीव्र कमतरतेमुळे रक्त आम्लयुक्त होणे, आणि तोही साखर फारशी न वाढता झालेला. एरवी या अवस्थेत साखर ४००-५०० च्या पुढे गेलेली असते आणि ग्लुकोमीटरच धोका ओरडून सांगतो. येथे तो गप्प राहिला.

यामागचे कारण रुग्णाच्या पत्नीने पिशवीतून काढलेल्या गोळ्यांच्या पाकिटांमध्ये सापडले. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड यांच्या जोडीला सहा आठवड्यांपूर्वी डापाग्लिफ्लोझिनची १० मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली होती. हे औषध मूत्रपिंडाकडून साखर लघवीवाटे बाहेर टाकते. टाइप २ च्या, म्हणजे इन्सुलिन असूनही पेशी त्याला नीट दाद देत नाहीत अशा मधुमेहाच्या, रुग्णांमध्ये हृदय आणि मूत्रपिंड यांच्या संरक्षणासाठी ते खरोखर मोलाचे ठरले आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये भारतातील पेटंट संपल्यानंतर ते स्वस्त झाले आणि गावोगावी पोहोचले, याबद्दल माझी तक्रार नाही, उलट समाधानच आहे. मात्र ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ उरलेलेच नाही त्याला हे औषध दिले तर साखर लघवीतून वाहून जात राहते आणि रक्तातील आकडा बरा दिसतो. शरीराला इंधन मात्र मिळत नसते. मग चरबी वितळू लागते आणि यकृत तिच्यापासून कीटोन तयार करते. उपवासामुळे यकृतातील ग्लायकोजेनचा, म्हणजे राखीव साखरेचा साठा संपलेला आणि त्यात दिवसभराची पायपीट, यामुळे ही प्रक्रिया कित्येक पटींनी वेगवान झाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या गटातील औषधांबाबत कीटोॲसिडोसिसचा इशारा २०१५ सालीच दिलेला आहे.

उपचारांत एक गोष्ट परिचारिकांना आणि कनिष्ठ डॉक्टरांना वारंवार सांगावी लागली. साखर १९६ आहे म्हणून इन्सुलिनचा ड्रिप थांबवायचा नाही. साखर कमी पडू नये यासाठी डेक्स्ट्रोज (साखरेचे सलाइन) सुरुवातीपासूनच सोबत चालू ठेवायचे. अशा रुग्णात इन्सुलिन साखर उतरवण्यासाठी नव्हे, तर कीटोन तयार होणे बंद करण्यासाठी दिले जाते. सलाइन, पोटॅशियम आणि इन्सुलिन यांवर ॲनायन गॅप पूर्ववत व्हायला साधारण ३० तास लागले. एरवीपेक्षा हा वेळ जास्त आहे, कारण त्या गोळीचा परिणाम ती बंद केल्यावरही काही दिवस टिकतो. चौथ्या दिवशी रुग्ण जेवू लागला. जिवावरचा प्रसंग टळला होता. पण एवढे प्रखर कीटोन तयार होणारा हा माणूस मुळात टाइप २ चा रुग्ण होता का, या प्रश्नाचे उत्तर शोधणे बाकी होते.

तीन वर्षांची फाइल

वयाच्या ३६ व्या वर्षी कारखान्याच्या वार्षिक वैद्यकीय तपासणीत त्याची शुगर निघाली होती. उपाशीपोटी १६८, जेवणानंतर २६२ आणि तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ८.४ टक्के. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा एचबीए१सी ६.५ किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह मानतात. त्यामुळे मधुमेह आहे याबद्दल शंका नव्हती. तेव्हा वजन ६१ किलो आणि उंची १७० सेंटिमीटर होती, म्हणजे बॉडी मास इंडेक्स २१.१. वडिलांना ५८ व्या वर्षी मधुमेह झालेला होता. वय तिशीच्या पुढचे, वडिलांना मधुमेह आणि दाखल व्हावे लागेल असा कोणताही त्रास नाही, एवढ्यावरून केस पेपरवर टाइप २ असे लिहिले गेले आणि मेटफॉर्मिन सुरू झाले.

चार महिन्यांत एचबीए१सी ७.१ वर आला. निदान बरोबर असल्याची सर्वांची खात्री पटायला एवढे पुरेसे होते. वर्षाच्या अखेरीस तो ८.३ झाला, म्हणून ग्लिमेपिराइड जोडले गेले. पुढच्या वर्षी तो ९.२ झाला आणि वजन ५६ किलोवर उतरले. फाइलमध्ये त्या दिवशीची नोंद "पथ्य पाळत नाही, चालणे वाढवा" अशी आहे. रुग्णाच्या सांगण्यानुसार तोवर त्याने साखर, बटाटा, भात, केळी सगळे सोडले होते आणि कामाची पाळी कोणतीही असो, घरी आल्यावर तो तासभर चालत होता. वजन घटत असल्याबद्दल कारखान्यात त्याचे कौतुकही होत होते. दाखल झाला त्या दिवशी वजन ५३ किलो भरले.

दिवसेंदिवस खंगत जाणाऱ्या माणसाला पथ्य पाळत नाही असे सांगितले जाते, तेव्हा त्याच्यावर अन्याय होतो, असे मला वाटते. साखर वाढलेली असताना न ठरवता वजन कमी होणे हा इन्सुलिन कमी पडत असल्याचा पुरावा आहे. तो फाइलमध्ये आकड्यांनिशी लिहिलेला होता आणि तरीही त्याच्याकडे रुग्णाचा दोष म्हणून पाहिले गेले.

आणखी दोन गोष्टी विचारल्यावर समोर आल्या. उजव्या मनगटाजवळ कोडाचा एक छोटा डाग पाच वर्षांपासून होता, आणि धाकट्या बहिणीला थायरॉइडची गोळी चालू होती. कोड असो की थायरॉइडचा हा विकार, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटण्यातून ते बहुधा होतात. मधुमेहाच्या तपासणीत बहिणीच्या थायरॉइडबद्दल कोणी विचारत नाही. विचारायला हवे.

बारीक अंगकाठी नेमके काय सांगते

एवढा सडपातळ माणूस, त्याला टाइप २ म्हटलेच कसे, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. पण पहिल्या दिवशी तसे म्हणणाऱ्या डॉक्टरांना दोष देणे योग्य होणार नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की भारतीय शरीर वरून बारीक दिसले तरी आतून चरबीयुक्त असू शकते. २००४ साली लॅन्सेटमध्ये त्यांनी स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. आपल्याकडे टाइप २ असलेले कितीतरी रुग्ण सडपातळ असतात आणि म्हणूनच भारतीयांसाठी जास्त वजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ धरतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांतील बहुसंख्य टाइप २ चेच आहेत, त्यामुळे चाळिशीच्या आसपासच्या कोणत्याही नव्या रुग्णाविषयी तोच अंदाज आधी मनात येणे साहजिक आहे.

याचा अर्थ असा की महाराष्ट्रात केवळ बारीक अंगावरून टाइप १ (ज्यात शरीरात इन्सुलिनच जवळजवळ बनत नाही) म्हणता येत नाही, आणि केवळ वयावरून टाइप २ असेही म्हणता येत नाही. सुश्रुतसंहितेत जन्मजात आणि अपथ्याने होणारा असे प्रमेहाचे दोन भेद सांगून पहिल्यातील रुग्ण कृश आणि दुसऱ्यातील स्थूल असल्याचे म्हटले आहे. ते निरीक्षण असामान्य होते, पण आजच्या रुग्णाला तेवढी एकच खूण पुरत नाही. वयाचेही तसेच आहे. टाइप १ हा लहान मुलांचा आजार अशी समजूत पक्की असली तरी यूके बायोबँक या ब्रिटनमधील मोठ्या आरोग्य-माहितीसाठ्यावरून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वयाच्या ६० वर्षांपर्यंत आढळलेल्या आणि जनुकीय जोखमीवरून टाइप १ ठरलेल्या मधुमेहापैकी ४२ टक्के मधुमेह तिशीनंतर सुरू झालेला होता.

अशा प्रौढांतील एक गट असा असतो की त्यांच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींचा नाश मुलांप्रमाणे काही आठवड्यांत न होता काही महिन्यांत किंवा वर्षांत होतो. सुरुवातीला इन्सुलिन शिल्लक असल्यामुळे गोळ्या लागू पडतात, आणि त्यामुळेच चुकीच्या निदानाला दुजोरा मिळतो. या प्रकाराला लाडा म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या वर्गीकरणात त्याला प्रौढांमधील सावकाश वाढणारा, प्रतिकारशक्तीमुळे होणारा मधुमेह म्हणून मिश्र प्रकारांत ठेवले, तर अमेरिकन डायबेटिस असोसिएशन त्याला टाइप १ मध्येच धरते. ब्रिटनच्या यूकेपीडीएस या प्रदीर्घ अभ्यासात टाइप २ म्हणून नोंदल्या गेलेल्या रुग्णांपैकी सुमारे १० टक्क्यांच्या रक्तात जीएडी प्रतिपिंडे (प्रतिकारशक्ती बीटा पेशींवर उलटल्याची खूण) सापडली होती. आपल्याकडे हे प्रमाण त्याहून कमी असण्याची शक्यता धरली, तरी एवढ्या मोठ्या रुग्णसंख्येत थोडे टक्के म्हणजेही पुष्कळ माणसे होतात.

इतर शक्यता

लाडा मनात आला तरी बाकीचे प्रकार तपासून बाजूला ठेवणे आवश्यक होते. डापाग्लिफ्लोझिनमुळे खऱ्याखुऱ्या टाइप २ मध्येही क्वचित कीटोॲसिडोसिस होतो, विशेषतः उपवासात. त्यामुळे केवळ या प्रसंगावरून प्रकार ठरवणे घाईचे झाले असते. स्वादुपिंडात खडे होऊन होणाऱ्या मधुमेहात बहुधा पोटदुखीचा जुना इतिहास असतो आणि शौच तेलकट होते. या रुग्णात ते नव्हते, मद्यपान नव्हते आणि सोनोग्राफीत स्वादुपिंडात खडे दिसले नाहीत. मोडी या एका जनुकातील दोषामुळे होणाऱ्या प्रकारात मधुमेह सहसा पंचविशीच्या आत येतो, पिढ्यानपिढ्या चालतो आणि कीटोन क्वचितच वाढतात. येथे वडिलांचा मधुमेह उतारवयातला होता. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शने घेतल्याचा इतिहास नव्हता. हा प्रश्न विचारताना सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांबद्दलही विचारावे लागते, कारण त्यांत स्टेरॉइड असल्याची शक्यता असते.

कुपोषणाशी संबंधित मधुमेहाचा विचार आम्ही थोडा अधिक केला. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉक येथील परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला टाइप ५ म्हणून मान्यता दिली. त्यामागे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील संशोधनाचा मोठा वाटा आहे. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या तरुण, अत्यंत कृश रुग्णांत हा प्रकार मनात ठेवायलाच हवा. पण त्यात बालपणापासून वजन कमी असते आणि इन्सुलिन कमी असूनही कीटोन सहसा वाढत नाहीत, तर या रुग्णाचे वजन आधी चांगले होते आणि ते निदानानंतर घटले.

(पेठ, सुरगाणा आणि कळवण या भागांतून रुग्ण आला की आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. तेथे सिकलसेलचे वाहक आढळतात, आणि हिमोग्लोबिनच्या दोषामुळे एचबीए१सीचा आकडा फसवा येऊ शकतो. अशा वेळी प्रत्यक्ष साखरेच्या नोंदींवर भिस्त ठेवावी.)

निर्णायक तपासण्या दोन होत्या. जीएडी प्रतिपिंडे दाखल असतानाच पाठवली आणि ती मोठ्या प्रमाणात असल्याचा अहवाल आला. शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते हे सांगणारी सी-पेप्टाइड तपासणी मात्र मुद्दाम थांबवून तीन आठवड्यांनी केली, कारण कीटोॲसिडोसिसच्या धक्क्यात बीटा पेशी तात्पुरत्या मूक होतात आणि आकडा खोटा कमी येतो. त्या दिवशी साखर १९० असताना सी-पेप्टाइड ०.५ नॅनोग्रॅम आले. ही पातळी सुमारे ०.६ च्या खाली असेल तर टाइप १ प्रमाणे इन्सुलिन अनिवार्य मानतात, आणि १.८ च्या वर असेल तर शरीरात पुरेसे इन्सुलिन आहे असे धरतात. मधल्या पट्ट्यातील रुग्णांची तपासणी पुन्हा करत राहावी लागते. या अहवालासोबत साखरेचा आकडा लिहिलेला नसेल तर त्याचा अर्थ लावता येत नाही. रिकाम्या पोटी, साखर कमी असताना निरोगी माणसाचेही सी-पेप्टाइड कमीच असते. थायरॉइडचे काम मोजणारी टीएसएच तपासणी ७.८, म्हणजे वाढलेली, आणि थायरॉइडची प्रतिपिंडे सकारात्मक आली, म्हणजे बहिणीच्या गोळीचा धागा खरा निघाला.

प्रत्येक मधुमेही रुग्णाच्या या तपासण्या कराव्यात असे मी म्हणणार नाही. त्या स्वस्त नाहीत, आणि धोका कमी असलेल्यांत जीएडीचा थोडासा सकारात्मक अहवाल दिशाभूलही करतो. पण तरुण वयातील निदान, विनाकारण घटणारे वजन, कीटोन आढळणे, दोन-तीन वर्षांत गोळ्या निकामी होणे किंवा स्वतःला अथवा घरात थायरॉइड-कोडासारखा विकार असणे, यांतील एकाहून अधिक गोष्टी जुळल्या तर तिसरी गोळी लिहिण्याआधी या तपासण्या व्हायला हव्यात. या रुग्णात त्या सगळ्याच जुळत होत्या. केवळ कीटोन आधी कोणी तपासले नव्हते.

इन्सुलिन सुरू करताना

घरी सोडण्याच्या आदल्या संध्याकाळी रुग्णाने विचारले, "डॉक्टर, सरळ सांगा. इन्सुलिन म्हणजे शेवटची स्टेज ना?" त्याच्या वडिलांना इन्सुलिन सुरू झाले ते मूत्रपिंडे खराब झाल्यावर, आणि वर्षभरात ते गेले. त्यामुळे ही भीती पुस्तकी उत्तराने जाणारी नव्हती. त्याला कागदावर दोन चित्रे काढून दाखवली. वडिलांच्या शरीरात इन्सुलिन होते, पण पेशी त्याला दाद देत नव्हत्या. त्याच्या शरीरात पेशी दाद द्यायला तयार आहेत, पण इन्सुलिनच नाही. वडिलांना ते उशिरा लागले आणि त्याला ते तीन वर्षांपूर्वीपासूनच लागणार होते, कारण दोघांचे आजार वेगळे आहेत. "मग मी पथ्य मोडलं म्हणून नाही झालं हे?" हा त्याचा पुढचा प्रश्न होता. नाही असे सांगितल्यावर त्याची पत्नी रडली. तीन वर्षे त्या घरात प्रत्येक घासावरून वाद झाले होते.

ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन बंद केले. रात्री दीर्घकाळ काम करणारे ग्लार्जिन १२ युनिट आणि प्रत्येक जेवणाआधी जलद काम करणारे इन्सुलिन ४ युनिट, अशी सुरुवात केली. खरी अडचण पाळ्यांची होती. तिसऱ्या पाळीत तो रात्री जागा आणि दिवसा झोपलेला असतो, त्यामुळे सकाळ-दुपार-संध्याकाळ असे छापील वेळापत्रक उपयोगाचे नव्हते. जलद इन्सुलिन घड्याळाशी न बांधता डब्याशी बांधले: डबा उघडण्याआधी टोचायचे, जेवायचे नसेल तर टोचायचे नाही. ग्लार्जिन मात्र जेवलो नाही तरी चुकवायचे नाही. हा भेद त्याच्याकडून उलट सांगून घेतला, कारण उलट्या होत असताना काही खाल्ले नाही म्हणून सगळेच इन्सुलिन बंद करणे हे पुन्हा कीटोॲसिडोसिस होण्याचे नेहमीचे कारण आहे. साखर ७० च्या खाली गेल्यास तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे, हे त्याच्या संमतीने पाळीतील सहकाऱ्यालाही समजावले; चालू यंत्रासमोर साखर उतरणे घातक ठरले असते.

सहा महिन्यांनंतर एचबीए१सी ७.२ आहे, वजन ६० किलो झाले आहे आणि भात ताटात परत आला आहे. थायरॉइडची गोळी चालू आहे. डोळ्यांची आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी सामान्य आली. अकरा वर्षांच्या मुलीबद्दल आई-वडिलांनी विचारले, तेव्हा वडिलांना टाइप १ असेल तर मुलांमध्ये धोका इतरांपेक्षा जास्त असला तरी बहुसंख्य मुलांना तो होत नाही, असे सांगितले. तिला सतत तहान लागणे, रात्री वारंवार लघवीला उठणे किंवा वजन घटणे असे काही दिसल्यास त्याच दिवशी साखर तपासावी, एवढी सूचना दिली. रुग्णाच्या फाइलच्या पहिल्या पानावर आणि कारखान्यातील वैद्यकीय नोंदीत "टाइप २" खोडून "टाइप १ (प्रौढ वयात सुरू झालेला), जीएडी सकारात्मक" असे लिहिले आहे. त्याखाली लाल शाईत डापाग्लिफ्लोझिन आणि त्या गटातील इतर औषधांची नावे दिली आहेत, कारण ही औषधे अनेक कंपन्यांच्या नावांनी आणि मेटफॉर्मिन किंवा सिटाग्लिप्टिनबरोबरच्या एकत्रित गोळ्यांतही मिळतात, आणि पुढचा डॉक्टर कोण असेल हे आज सांगता येत नाही.